लघुग्रहाचे नाव विकत मिळत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नातवाच्या बारशाला आमच्या एका स्नेह्यांनी चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र आणले. आकाशातल्या एका लघुग्रहाला बाळाचे नाव दिल्याचे त्यावर छापले होते. इंटरनेटवरच्या कुठल्याशा कंपनीने त्यासाठी त्यांच्याकडून चांगलीच रक्कम उकळली होती. देणाऱ्याच्या मनात निखळ माया होती, म्हणून त्या दिवशी मी गप्प बसले. पण आणखी कोणी फसू नये, म्हणून हे पत्र.

पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह आहे. (कित्येक जण त्याला 'तारा' म्हणतात. तो मंगळ आणि गुरूच्या दरम्यान सूर्याभोवती फिरतो, त्याला स्वतःचा प्रकाश नाही.) ११ नोव्हेंबर २००६ रोजी तो सापडला, तेव्हा त्याची ओळख '२००६ व्हीपी३२' एवढीच होती. 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि 'पी३२' म्हणजे त्या पंधरवड्यातली ८१५वी नोंद. कक्षा नक्की ठरल्यावरच कायमचा क्रमांक मिळतो. याला मिळाला ३००१२८. पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३० उलट्या क्रमाने लावून पाहा, हाच आकडा येतो! नाव मात्र २०१९ मध्ये मिळाले. ते रोमन लिपीतल्या सोळा अक्षरांत आणि शक्यतो एका शब्दात बसावे लागते, म्हणून 'पंडितजसराज' असे सलग.

क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षे नाव सुचवण्याचा हक्क शोधकर्त्याचा असतो. मान्यता देते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती. व्यापारी नावे तिथे चालत नाहीत. राजकारणी आणि सेनानी यांच्या नावासाठी तर मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते. हा नियम मला मनापासून पटतो.

आपल्या देशातूनही असे नाव दिले गेले आहे. तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत आर. राजमोहन यांना १९८८च्या फेब्रुवारीत एक लघुग्रह सापडला. क्रमांक ४१३०, नाव 'रामानुजन'. मी इतकी वर्षे भूगोल शिकवला. पण एकाही पाठ्यपुस्तकात मला ही गोष्ट भेटली नाही, याची खंत वाटते.

आपल्या बालपुरवणीत ती सविस्तर छापावी आणि 'बाळाच्या नावाचा तारा' विकणाऱ्या जाहिराती आपण स्वीकारू नयेत, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली