उंबऱ्याआतल्या धुराचे काय?

सोलापुरात सार्वजनिक ठिकाणी विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना दंड केल्याची बातमी वाचली, कारवाई योग्यच. मात्र २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातला हा २०० रुपयांपर्यंतचा दंड सार्वजनिक जागेपुरताच आहे. लहान मुलांच्या छातीत धूर जातो तो मुख्यतः घरात.

'मी खिडकीत उभा राहून ओढतो' हा नेहमीचा बचाव टिकत नाही. दोन झुरक्यांच्या मध्ये पेटत्या टोकातून निघणारा धूर कुठल्याही फिल्टरमधून जात नाही आणि खोलीत साठणारा बहुतेक धूर हाच असतो. पंखा तो नुसता फिरवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारभर दारे-खिडक्या बंद, तेव्हा तर विचारायलाच नको. तान्हे बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेते, मोठा माणूस १२ ते २०. दमा बळावतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. कान वारंवार फुटण्यामागेही हा धूर असू शकतो: घसा आणि कान जोडणारी नळी सुजते, आत पाणी साचते. (त्यावर घरोघरी तेल घालतात, ते आणखी वेगळेच!)

ओढायचेच तर उंबऱ्याबाहेर, दार लावून. गाडीत काच खाली करूनही नको. निकोटिन कपड्यांना चिकटते, म्हणून हात-तोंड धुऊन, सदरा बदलून मगच बाळ उचलावे. एवढे करूनही धोका पूर्ण टळत नाही. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत सरकारी हेल्पलाइन आहे. दंडाच्या पावतीवर तो क्रमांक छापायला काय हरकत आहे?

– एक वाचक, सोलापूर