आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येता येणार नाही म्हणून

धुळे, देवपूर

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, आखाजीला मी येत नाही. फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझं ते "बरं" मला चांगलं कळतं. झोके बांधले जातील, पोरी गौराईची गाणी म्हणतील, तू घागर भरून वर खरबूज आणि सांजोरी ठेवशील, आणि दारावरून जाणारी प्रत्येक बाई विचारील, "पोरगी नाही आली का औंदा?" तिला काय सांगायचं हा तुझ्यापुढचा प्रश्न आहे. म्हणून सगळं नीट लिहून कळवते.

तू म्हणालीस, दुसऱ्याच्या घरचं दुखणं किती अंगावर घेशील. बाबा म्हणाले, देवाला सांगावं आणि आपलं घर बघावं. दोघांचंही म्हणणं काळजीपोटी आहे हे मला ठाऊक आहे.

समोरच्या मावशी तुम्हाला आठवत असतील. आमच्या वास्तुशांतीला तुझ्या शेजारी बसून खापरावर पुरणपोळ्या टाकत होत्या त्या. साखरेचा आजार जुना, त्यात बीपी, आणि गेल्या दिवाळीत कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार डायलिसिस. एकेका वेळी चार तास. मुलगा सुरतला नोकरीला आहे, त्याला दर आठवड्याला येणं जमत नाही. त्यांच्या यजमानांची, आप्पांची, कंबर धरलेली असते, रिक्षात चढवायला-उतरवायला त्यांना होत नाही. मंगळवारी त्यांची पुतणी जाते, गुरुवार-शनिवार मी. आखाजीच्या आठवड्यात पुतणीही माहेरी जाणार आहे, म्हणजे तिन्ही वार माझ्याकडे आले. तिला मी जा म्हटलं. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी आहे.

हे सगळं सुरू झालं ते बाबांच्या केळ्यांवरून. तुम्ही रावेरहून एसटीने घड पाठवता आणि मी आळीत फण्या वाटते, तशी मावशींकडेही दिली होती. संध्याकाळी आप्पा ती फणी तशीच परत घेऊन आले. दारात उभे राहिले, आत येईनात. "बेटा, राग नको मानू. आता हिला हे चालत नाही," एवढं बोलून त्यांना पुढे बोलवेना. मी चपला घालून त्यांच्याबरोबरच गेले.

बाबा, तुम्ही आयुष्यभर केळीच्या बागेत काढलं, केळं कुणाला बाधेल हे तुम्हाला पटायचं नाही. पण किडनी चालत नसेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, एकाएकी थांबूही शकतात. केळं, नारळपाणी, बटाटा, टोमॅटो, सुका मेवा, मोसंबीचा रस, सगळं बेताचं नाहीतर बंद. भाजी चिरून कोमट पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकून द्यायचं, मग शिजवायची. बीपीसाठी म्हणून दुकानात जे कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात तर पोटॅशियमच घातलेलं असतं. आप्पांनी तेच आणून ठेवलं होतं, डॉक्टरांनी विचारलं म्हणून कळलं. बरं, यादी नीट पाहिली तर आपल्या देवापुढे जे जे ठेवतो त्यातलं बरंचसं तिच्यात आहे. केळी, नारळ, पंचामृत. एकादशीचे बटाटे, रताळी, शेंगदाणे, खजूर.

मावशी माळकरी आहेत. लहानपणापासून एकादशी मोडलेली नाही. त्यांना आजाराहून जास्त याचं दुःख होतं.

आणि माळेचं तर त्याहून. डायलिसिसच्या सुया टोचायला हातावरची नस ऑपरेशन करून धमनीला जोडतात. ती तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, तोवर मानेत नळी बसवतात. नळी बसवायच्या वेळी नर्सने गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. मंगळसूत्र त्यांनी लगेच काढून माझ्या हातात दिलं. माळेवर मात्र मूठ गच्च धरून बसल्या. नर्स वाईट नव्हती, तिला घाई होती. मी म्हटलं, मावशी, मनगटावर बांधू या, गळा काय नि मनगट काय, अंग तुमचंच आहे. डावा हात नसेसाठी ठेवायचा होता, म्हणून उजव्या मनगटावर तिचे वेढे घेतले आणि गाठ मारली. नंतर डाव्या हाताची नस जोडली, तेव्हा त्या हातातल्या बांगड्याही गेल्या. त्या हातावर दाब नको, वजन नको, बीपीही त्या हाताचं मोजायचं नाही. रोज सकाळी तिथे बोट ठेवून बघायचं की थरथर लागतेय ना. थरथर असली की नस चालू आहे. मावशी आंघोळीनंतर आधी ती थरथर बघतात, मग देवाला दिवा लावतात. मलाही एकदा बोट ठेवायला लावलं. आई, मांजर मांडीवर घुरघुरतं ना, अगदी तसं लागतं.

एकादशीचं मी आमच्या आळीतल्या विठ्ठल मंदिरातल्या बुवांना विचारलं. ते घरी आले. उपदेश वगैरे काही केला नाही. सदऱ्याच्या खिशातून स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढून मावशींसमोर ठेवलं आणि म्हणाले, "ही घेतो, मगच वीणा गळ्यात घालतो. तुम्ही भात खा आणि नाव घ्या." मावशी रडल्या, पण त्या एकादशीला जेवल्या.

तेव्हापासून संध्याकाळी मी त्यांच्याकडे हरिपाठाला बसते. दिवेलागणीला कुकर लावून जाते, आमचे हे पोरांचा अभ्यास घेतात. मावशींना धाप लागली की त्या थांबतात आणि मी पुढे म्हणते. डायलिसिसच्या दिवशी त्या फार थकलेल्या असतात, तेव्हा त्या नुसत्या पडून ऐकतात. आप्पा पूर्वी या वेळी बातम्या लावायचे, आता बाहेरच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांना पाठ नाही, पण शेवटच्या नमनाला त्यांचा आवाज येतो.

पाण्याचं सांगते, कारण उन्हाळा आहे. पारा आताच बेचाळीसच्या वर गेलाय. आपल्याला तांब्याने पाणी पिऊन तहान जात नाही, आणि त्यांना दिवसभरात एक लिटरसुद्धा नाही. जास्त प्यायलं तर ते पायात उतरतं, मग फुप्फुसात. सकाळी एक बाटली भरून ठेवायची आणि चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचं पाणी, सगळं त्यातूनच मोजायचं. मंदिरातून तीर्थ आणलं की त्या बाटलीतून तेवढं पळीभर पाणी काढून तुळशीला घालतात. कुणी सांगितलेलं नाही, त्यांचं त्यांनीच ठरवलंय. रमजानमध्ये आमचे रिक्षावाले भाई रोजे धरून आम्हाला ने-आण करत होते. ऊन असं की रस्ता पांढरा दिसावा. मावशी त्यांना म्हणाल्या, "तुनाबी उपास, मनाबी उपास." त्यानंतर भाईंनी परतीचं भाडं कधी घेतलं नाही. आप्पांनी खूप आग्रह केला, तरी नाही.

खर्चाचं तुम्ही विचारलं होतं. डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे मीच गेले होते. आप्पांना रांगेत उभं राहवत नाही, आणि अर्जातलं एक नाव चुकलं तरी परत फेरी. गावाकडे कुणाला गरज पडली तर सांगा, कागद कुठले लागतात ते मी कळवीन.

आता जे फोनवर सांगितलं नव्हतं ते. माघात मावशींच्या नात्यातलं कुणीतरी एका माणसाचा पत्ता घेऊन आलं. तो झाडपाल्याचा काढा देतो, अंगारा देतो, आणि म्हणतो, मशीन सोडा, श्रद्धा ठेवा, किडनी परत चालू होईल. मावशींनी शनिवार चुकवला. मला सांगितलं, मुलगा येणार आहे, तू नको येऊ. रविवारी रात्री आप्पांनी आमचं दार वाजवलं. मावशी पलंगावर दोन उशांना टेकून बसल्या होत्या, आडवं होता येत नव्हतं, श्वासात घरघर, पाय हातात मावेनात एवढे सुजलेले. यांनी गाडी काढली आणि दवाखाना गाठला. रात्रीच मशीन लावलं म्हणून वाचल्या. त्या काढ्याचे किती हजार गेले ते आप्पा अजून सांगत नाहीत.

मला इतका संताप कधी आला नव्हता. मावशींचा नाही. ज्याने त्यांच्या श्रद्धेला हात घालून त्यांना औषधापासून तोडलं, त्याचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मना भरोसा कमी पडना का वं माय?" बाबा, तिथे तुमचं "देवाला सांग" मला पुरं पडलं नसतं. म्हणजे सांगायचं नाही असं नाही, मी रोज सांगते. पण त्या बाईला त्या वेळी कुणीतरी हात धरून म्हणायला हवं होतं की नाही मावशी, तुमचा भरोसा पुरेसा आहे, तो माणूस खोटा होता. ते सांगायला मी तिथे होते. मी रावेरला असते तर कोण सांगणार होतं?

मी देवाकडे काय मागते असं तू विचारलंस, आई. किडनी बरी कर असं मी मागत नाही. आधी मागायचे. मग एकदा मावशींनाच विचारलं, तुम्ही काय मागता. तर म्हणाल्या, "सुई पहिल्यांदाच लागू दे, बस." दोन जाड सुया असतात, कधी नस सापडत नाही, परत टोचतात, हात निळा पडतो. आता गुरुवारी-शनिवारी रिक्षात बसल्यावर आम्ही दोघी तेवढंच मागतो. बऱ्याचदा लागते. न लागली त्या दिवशी त्या डोळे मिटून मनगटावरच्या माळेचे मणी ओढत राहतात आणि मी त्यांचे पाय धरून बसते, कारण पायांत गोळे येतात. ती चार तासांची सोबत मला जड वाटत नाही. खरं सांगते, मंदिरात बसून माझं मन जेवढं लागत नाही तेवढं तिथे लागतं. पोरांचं काही अडत नाही. मोठी आता स्वतः वेणी घालते आणि शाळेत जाताना मावशींच्या खिडकीशी थांबून हाक मारून जाते.

आई, हे मी तुझ्याकडूनच घेतलंय. मळ्यातल्या सालदाराच्या बायकोला क्षय झाला होता तेव्हा लोक तिच्या दारावरून जायचे नाहीत, आणि तू रोज तिचा डबा घेऊन जायचीस. मी लहान होते, तुझ्या पदराला धरून पाराशी थांबायचे. आजीने घर डोक्यावर घेतलं होतं. तरी तू जायचीस.

आता एक मागणं बाबांकडे. यंदा तुम्ही मुक्ताईच्या पालखीबरोबर निघणार असाल. मावशींचं माहेर साक्रीकडचं, त्या दोनदा आळंदीहून चालल्यात, मुक्ताईची वाट मात्र राहून गेली. महिनाभर चालत पंढरपूर आता त्यांच्याने होणार नाही हे त्यांना माहीत आहे, आणि त्या ते शांतपणे बोलतात. त्यांची इच्छा एवढीच की त्यांचे टाळ तुमच्याबरोबर जावेत. जुने पितळी टाळ आहेत, दोरी मी नवी घातलीय. जमलं तर आखाजी झाल्यावर एक दिवस दोघंही या. बुधवारी किंवा रविवारी या, त्या दिवशी डायलिसिस नसतं आणि आदल्या दिवशीचं झालेलं असतं म्हणून त्यांना जरा बरं वाटतं. संध्याकाळी बाबांनी हरिपाठ म्हणावा, आम्ही मागे म्हणू. येताना पापड, लोणचं, केळी काही नको. आई, तुझ्या हातची ज्वारीची भाकरी त्यांना चालते, मीठ न घालता थाप.

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये आणि साखर तपासून घ्यावी. मागच्या खेपेला पुढच्या महिन्यात बघू म्हणाले होते, तो महिना कधीच गेला. दादाला सांगून या आठवड्यात तालुक्याला जाऊन या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. किडनी कशी चालतेय ते ज्यावरून कळतं ते क्रिएटिनिन किती आलंय तेही बघायला सांगा.

तुमची लेक