मडगार्ड न ठोकता माझ्या स्विफ्टला रुंद टायर बसवून देणाऱ्या टायरवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फारसं काही वाचत नाही, पण दुकानातली पोरं वाचतात, ती दाखवतील तुम्हाला. तोंडावर आभार मानले तेव्हा तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पुढच्या गाडीकडे वळलात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे ज्यांना रुंद टायर टाकायचेत त्यांना पण कळू दे तुम्ही नक्की काय केलंत ते.

माझी स्विफ्ट व्हीडीआय, जुनं मॉडेल, कंपनीकडून १६५/८० आर १४ टायरवर आलेली (म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची). कराड-चिपळूण सारखं येणं-जाणं असतं आणि कुंभार्ली घाटात वळणाला गाडी टायरवर झुलायची, कारण टायर अरुंद आणि त्याची बाजूची भिंत उंच. मला २०५/५५ आर १६ पाहिजे होते. दुसऱ्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले बसतील की, फक्त पुढच्या मडगार्डची कड आत ठोकावी लागेल आणि मागची थोडी कापावी लागेल. तुमच्याकडे येऊन मी तेच मागितलं, तुम्हाला फक्त "हो" म्हणून बिल फाडायचं होतं, माल पण दुकानात होता. तुम्ही टेप काढली.

बिलबुकाच्या मागे तुम्ही जो हिशोब मांडलात तो मला अजून पाठ आहे. १६५ चं २०५ केलं की ४० मिलिमीटर रुंदी वाढली, म्हणजे आत २० आणि बाहेर २०, पण मी पसंत केलेल्या अलॉय रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर) कंपनीच्या रिमपेक्षा १० ने कमी, त्यामुळे चाक आणखी १० बाहेर सरकणार, म्हणजे बाहेरची बाजू तब्बल ३ सेंटीमीटर पुढे येणार. त्यात टायरची उंची ६२० वरून ६३२ मिलिमीटरच्या आसपास जाते, म्हणजे वर पण ६ मिलिमीटर जागा खाल्ली. लोक फक्त रुंदी बघतात, ऑफसेट कोणी विचारतच नाही, आणि टायर घासायला लागला की दोष मडगार्डवर!

मग तुम्ही कड का ठोकायची नाही ते दाखवलंत. मागच्या चाकावरची कड म्हणजे नुसता पत्रा नाही, आतला आणि बाहेरचा पत्रा तिथे वेल्ड करून जोडलेला असतो, तो कापला की जोड उघडा पडतो आणि पाणी थेट बॉडीत शिरतं. पुढची ठोकली तर रंगाला तडे जातात आणि तिथून गंज सुरू होतो. चिपळूणचा पाऊस आणि दमट हवा, असली गाडी किती वर्षं टिकणार? हे मला दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात ह्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी स्वतः १८५/६५ आर १५ द्यायची, तेच घे. २० मिलिमीटर रुंद, उंची जवळपास ६२१, म्हणजे मीटरमध्ये फरक नाही, मडगार्डला हात नाही, आणि साईज त्या मॉडेलला कंपनीनेच दिलेली असल्यामुळे पासिंगला किंवा इन्शुरन्सला कोणी बोट दाखवायची भीती कमी. लोड इंडेक्स पण ८५ वरून ८८, म्हणजे एक टायर ५१५ ऐवजी ५६० किलो पेलतो. मूळच्या आकड्यापेक्षा खाली कधी जायचं नाही हे तुम्ही दोनदा बजावलंत. जुने कंपनीचे अलॉय पण तुम्हीच शोधून दिलेत, आणि मशीनवर फिरवून वाकलेत का, कुठे चीर आहे का बघितल्याशिवाय पैशाचं बोलला नाहीत.

आणि ती शाडूची माती! एक चाक चढवून लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) आणि कडेच्या आतल्या बाजूला तुम्ही मातीचे गोळे चिकटवलेत, स्टेअरिंग दोन्हीकडे फुल लॉक करून बघितलंत, मागे पोरांना बसवून गाडी खड्ड्यातून हळू काढलीत आणि मग कुठली माती किती दबली ते मोजलंत. आतून शॉकअपपाशी बोट घालून जागा तपासलीत ते वेगळंच. उभ्या गाडीत टायर बसलेला दिसतो, पण पाच जण बसल्यावर आणि वळणावर काय होतं ते तसं कळत नाही, आणि ह्यासाठी कुठलं महागडं मशीन लागलं नाही, लागला तो तुमचा वेळ, ज्याचा तुम्ही एक रुपया लावला नाहीत.

स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि रिममध्ये घालायची चकती) टाकू का विचारलं तर तुम्ही चिडलात, ते बरंच केलंत. नट किती आटे धरतो ते हबवर फिरवून दाखवलंत, स्पेसरने ते आटे कमी होतात, आणि घाट उतरताना चाक ज्याच्यावर टिकून आहे तिथे तडजोड कशाला.

आता गाडी कशी चालते ते सांगतो, कारण तुम्ही विचारलं होतंत. वळणाला झुलणं बरंच कमी झालंय, ब्रेकला पकड जाणवते, कुठेच घासत नाही, सामान भरून फॅमिलीसकट गेलो तरी नाही. पार्किंगला स्टेअरिंग किंचित जड आणि अ‍ॅव्हरेज थोडं पडलंय, ते तुम्ही आधीच सांगितलेलं. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो म्हणून पावसात स्पीड कमी ठेव म्हणालात, ते पाळतो, आणि टायरवरची नक्षी झिजत आली की टायर बदलायला तुमच्याकडेच येणार. स्टेपनी जुनी १४ चीच ठेवलीये, उंची जवळपास सारखी असल्यामुळे पंक्चर झालं तर दुकानापर्यंत येण्यापुरती चालेल हे पण तुमचंच.

बसवून झाल्यावर शंभर किलोमीटरनी नट परत आवळायला बोलावलंत आणि अलायमेंट पुन्हा बघितलंत. त्याचे पैसे घ्यायला तुम्ही तयार नव्हतात, ते मी गल्ल्याशेजारी ठेवून आलोय, आता परत करू नका.

काका, मनापासून आभार. मोठ्या भावाची वॅगनआर घेऊन पुढच्या महिन्यात येतोय, त्यालाही रुंद टायर हवेत. टेप तयार ठेवा.

तुमचा,
चिपळूणचा पांढऱ्या स्विफ्टवाला