शाळांची प्रवर्गनिहाय पटसंख्या जाहीर व्हावी

महोदय,

प्रवेशाचा हंगाम आला की नवी मुंबईतील अनेक खासगी शाळा आपल्या जाहिरातींत देशभरातील मुले आमच्याकडे शिकतात, असे अभिमानाने सांगतात. ते खोटे नसते. वाशी, नेरूळ, सीवूड्स भागातील अशा शाळेच्या हजेरीपटावर तमिळ, बंगाली, गुजराती, पंजाबी आडनावे सहज सापडतात. पण त्या सगळ्या घरांचे उत्पन्न साधारण एकाच पट्टीतले असते. उलट तुर्भे किंवा दिघ्यातील महापालिका शाळेत मराठवाड्यातून आलेल्या नाका कामगारांची, उत्तर भारतीय रिक्षाचालकांची आणि गावठाणातील काही आगरी-कोळी कुटुंबांची मुले एका बाकावर बसतात, मात्र तिथे डॉक्टरचे किंवा बँक अधिकाऱ्याचे मूल शोधूनही मिळत नाही. भाषेची सरमिसळ दोन्हीकडे आहे, पैशाची कुठेच नाही. जातीचे चित्र काय असेल याचा अंदाज मला आहे. पण अंदाजावर वाद घालू नये, म्हणूनच हा पत्रप्रपंच.

अमेरिकेत 1954 साली ब्राऊन खटल्यात वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांत अनेक गोऱ्या पालकांनी मुलांना खासगी शाळांत हलवले आणि केवळ त्यासाठी नव्या शाळाही निघाल्या. तेथील सरकारी शाळाही काही आदर्श नाहीत, कारण प्रवेश बहुतांशी राहत्या वस्तीवरून ठरतो आणि वस्त्याच विभागलेल्या आहेत. तरीही तिथे प्रत्येक सरकारी शाळेत कोणत्या वंशाची किती मुले आहेत आणि मोफत किंवा सवलतीच्या जेवणास किती पात्र आहेत, याची आकडेवारी प्रसिद्ध होते. त्यामुळे भांडण निदान आकड्यांवर होते.

आपल्याकडेही माहिती गोळा होतेच. यू-डायस या शाळांच्या देशव्यापी सरकारी माहिती-नोंदणीत प्रत्येक शाळा, खासगी असो वा महापालिकेची, विद्यार्थ्यांचा सामाजिक प्रवर्ग भरून देते. ही माहिती महापालिकेच्या शिक्षण विभागाने विद्यार्थ्यांची नावे वगळून, शाळानिहाय आणि सामान्य पालकाला कळेल अशा तक्त्यात दरवर्षी प्रसिद्ध करावी, आणि शेजारच्या रकान्यात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालील राखीव, किती जागा होत्या व किती भरल्या हे द्यावे, अशी माझी मागणी आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांतील प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे अल्पसंख्याक शाळा त्यातून सुटल्या. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही अट लागू नाही, असा नियम केला. तो टिकला असता तर नवी मुंबईसारख्या दाट शहरात फारच थोड्या शाळा उरल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो रद्द केला, हे बरे झाले.

मात्र प्रवेश मिळाला म्हणजे मिसळणे झाले, असे नाही. कोपरखैरण्यातील एका शाळेच्या पालकसभेत घरकाम करणाऱ्या एक ताई आणि त्या जिथे कामाला जातात त्या घरच्या मॅडम, अशा दोघी बसलेल्या मी पाहिल्या. स्नेहसंमेलनाच्या पोशाखासाठी पंधराशे रुपये ठरले, सूचना इंग्रजीत आली आणि सर्वांनी हात वर केले. ताईंनी इकडेतिकडे पाहून सर्वांत शेवटी केला. शुल्क माफ असले तरी सहल, पोशाख, बस हे खर्च माफ नसतात. शाळांचीही बाजू आहे: शासनाकडून शुल्काची प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही, ही त्यांची तक्रार जुनी आणि रास्त आहे.

चित्र उलट्या बाजूनेही बदलू शकते. आपल्या महापालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्यावर, एरवी महापालिका शाळेची पायरी न चढणारे पालकही तिथे अर्ज करू लागले. त्या शाळांचा तक्ता सर्वांत आधी प्रसिद्ध करावा. त्यासोबत आरटीईतून आलेली मुले आठवीनंतर त्याच शाळेत राहतात की नववीचे शुल्क न परवडल्याने बाहेर पडतात, याचाही एक रकाना असावा.

एक पालक,
कोपरखैरणे, नवी मुंबई