पाण्याची पाळी, जिन्याची पाळी

स्टुटगार्ट,
१३ जानेवारी

तीर्थस्वरूप आप्पा आणि आई यांस अश्विनीचा शिरसाष्टांग नमस्कार. आज्जीच्या पायावर डोकं. दादा-वहिनीला नमस्कार आणि चिकूला गोड पापा.

मी खुशाल आहे. आई पत्र उघडल्या उघडल्या हेच शोधणार, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं.

आज भोगी. रात्रपाळी करून घरी पोचले, तेव्हा तिकडं सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षतेची वेळ झाली होती. दादानं पाठवलेला व्हिडिओ बघितला. संमती कट्ट्यापुढची गर्दी, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, नंदीध्वज. 'सत्यम सत्यम' ऐकू आलं आणि तिकडं अक्षता पडल्या, तशी मीही डब्यातले चार तांदूळ खिडकीतून खाली टाकले. मग झोप काही येईना, म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता आणि आज्जीला त्यातलं काही ऐकू जात नाही. आज मला सगळं नीट, एकामागून एक सांगायचंय.

आधी आईची उत्तरं. मी वाळलेली नाही. मोबाइल खालून धरला की गाल बसल्यासारखे दिसतात, त्यावरून तब्येत ठरवू नकोस. रात्रपाळी इथं सगळ्याच नर्सेसना असते. सोलापुरात असतानाही मी रात्रपाळ्या करतच होते की, तेव्हा तू एवढं विचारत नव्हतीस. थंडी आहे, पण घरं आतून गरम ठेवतात. शिवाय आप्पांची चादर आहे.

ती चादर इथं कशी आली हे मी सगळ्यांना सांगते. विमानतळावर बॅग जास्त भरली आणि दादा म्हणाला, चादर काढा. आप्पांनी काढली, पण परत न्यायला काही तयार होईनात! काउंटरवरच्या मुलीला सूत कुठलं, वीण कशी, धुतल्यावर रंग का जात नाही, सगळं समजावून सांगत बसले. मागं रांग खोळंबलेली. "जीआय मानांकन मिळालंय ओ ताई हिला, साधी चादर नव्हं ही." शेवटी अंगावरच्या कपड्याचं वजन करत नाहीत हा मुद्दा आप्पांनी काढला, त्या मुलीलाही तो पटला आणि मी चादर पांघरूनच विमानात चढले. रात्री विमानात गारठा वाढला, तेव्हा शेजारच्या बाईंनी तिचं एक टोक मागून घेतलं. आप्पा, आपला माल चांगला आहे हे माहीत असलं की आवाज खाली आणायचा नाही, हे मी त्या काउंटरवर तुमच्याकडून शिकले. इथल्या परीक्षेत कुठं शिकलीस म्हणून विचारलं, तेव्हा 'सोलापूर' हे नाव मी तसंच सांगितलं, तुमच्या आवाजात.

जेवणाचं म्हणाल, तर तिथं आज्जीची शिकवण आहे. गड्ड्याच्या जत्रेतला मोठा पाळणा आठवतो ना? होम मैदानावर मी हट्ट केला, सोबत कोणी येईना, म्हणून आज्जीच पदर खोचून बसली. आम्ही अगदी वर असताना लाइट गेली. खालून आई ओरडतेय, आप्पा पाळणेवाल्याशी भांडतायत, पलीकडच्या पाळण्यातली बाई रडायला लागलेली. आज्जीनं पिशवीतून कडक भाकरी काढली, शेंगाचटणीची पुडी सोडली, मला दिली आणि त्या बाईकडंही हात लांब करून एक तुकडा पोचवला. "आडकलोय तर आडकलोय. आधी खाऊन घे, मग रडू." लाइट आली तेव्हा ती बाई आज्जीकडं चटणीचं प्रमाण विचारत होती. इथं माझी कागदपत्रं एका कार्यालयात अडकून पडली होती आणि पुढचं काहीच दिसत नव्हतं, त्या दिवसांत मी एकही जेवण चुकवलं नाही. रोज भात-आमटी केली, वर चटणी घेतली. कागद आपल्या वेळेनं सुटले.

आता इथली एक रीत सांगते. ती नीट वाचा, कारण मागच्या वेळी मी फोन घाईत ठेवला आणि आईला वाटलं मी रागावले.

आम्ही राहतो त्या भागात इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला आळीपाळीनं एक आठवडा झाडलोट करावी लागते. तिला 'केअरवोख' म्हणतात. तिचे दोन प्रकार. लहान पाळी म्हणजे आपल्या दारापुढची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतचा जिना: झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा. मोठी पाळी म्हणजे सगळ्या इमारतीची: तळघर, अंगण, कचऱ्याचे डबे ठेवतात ती जागा, दारापुढचा फुटपाथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक पाटी लटकते. आपला आठवडा झाला की आपण ती पुढच्याच्या दाराला लावायची. दार वाजवायचं नाही, सांगायचं नाही. सकाळी दार उघडलं आणि पाटी दिसली की समजायचं. रविवारी झाडायचं नाही, कारण रविवारी आवाज करायचा नसतो. आणि मुख्य गोष्ट अशी की जिना आरशासारखा असला तरी झाडायचाच. मी वरच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, धूळच नाही, तर झाडू काय? त्या म्हणाल्या, "आठवडा तुझा आहे." एवढंच उत्तर. ही रीत १४९२ सालापासूनची म्हणून सांगतात. प्रत्येकानं दर आठवड्याला आपली घाण बाहेर नेऊन टाकावी असं तेव्हा शहराच्या नियमात होतं. महापालिकेनं १९८८ साली सक्ती काढली, पण घराच्या भाडेकरारात कलम अजून असतं आणि लोक मनापासून पाळतात. बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत फुटपाथ मोकळा पाहिजे. कोणी घसरून पडलं, तर ज्याची पाळी त्याला जाब द्यावा लागतो. आता कळलं ना मी फोन का ठेवला? माझी मोठी पाळी होती.

सुरुवातीला मला हे फार विचित्र वाटायचं. पुढं एकदा जिना पुसता पुसता त्या वरच्या आजींना मी आपल्या साखर पेठेतल्या वाड्यातल्या नळाची गोष्ट सांगितली. शोभाआत्याला बघायला आले होते, तेव्हाची. मी आईच्या कडेवर होते, त्यामुळं माझ्याकडं आहे ते सगळं तुमच्या तोंडून ऐकलेलं, आणि तुम्ही प्रत्येक जण वेगळं सांगता. आप्पा म्हणतात पोहे नुकतेच दिले होते. आई म्हणते पोहे संपून चहा आला होता. आज्जी म्हणते आत्यानं अजून मान वर केलीच नव्हती. एवढं मात्र सगळ्यांचं एकच आहे की बार्शीचे पाहुणे बैठकीत, वाड्यात पाण्याचा दिवस नव्हे, आणि अचानक कोणीतरी ओरडलं, "पाणी आलं ओ!"

बैठक रिकामी. आज्जी कळशी घेऊन, आप्पा ड्रम लोळवत, आई मला कडेवर घेऊन घागरीमागं आणि नवरीमुलगी डोक्यावरचा पदर कमरेला खोचून सगळ्यांच्या पुढं! बैठकीत फक्त पाहुणे, हातात बशा. मुलाचे वडील टोपी सारखी करत बसलेले. आपले मामा, तेव्हा नुसते बार्शीचा मुलगा, बशी खाली ठेवून उठले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कोणी न सांगता रांगेत लागले. आज्जीनं पाहिलं आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बघायलात काय? उचला की!" जावई व्हायच्या आधीच त्यांनी सासूचं पहिलं बोलणं खाल्लं. मग त्यांचा नंबर आला, तेव्हा मागं कोपऱ्यातल्या खोलीतली म्हातारी एकटीच तांब्या घेऊन उभी होती. तिला त्यांनी पुढं घेतलं, तिची घागर भरून खोलीपर्यंत पोचवून आले आणि तोवर नळ गेला. आपली कळशी अर्धीच राहिली. आज्जी चिडली, आत्या मात्र संध्याकाळी म्हणाली, "मला पसंत आहे." पगार विचारला नाही, घर किती खोल्यांचं विचारलं नाही. पाळी आपली असताना माणूस मागच्याकडं बघतो का, एवढं तिनं बघितलं. इतक्या वर्षांत तिला त्याचा पश्चात्ताप झालेला मी पाहिला नाही.

वरच्या आजी हसून जिन्यातच बसल्या. तेव्हापासून पाटी माझ्या दाराला लावताना त्या दार वाजवतात. सगळ्या इमारतीत फक्त माझं.

आप्पा, आता तुमच्यासाठी. हुतात्मा एक्स्प्रेसच्या दारात तुम्ही मला काय म्हणालात ते आठवतं ना? "आपले डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला गेले. तेव्हा फोन नव्हता, काही नव्हतं. सोलापूरची माणसं घाबरत नाहीत." लहानपणी भैय्या चौकातल्या स्मारकात तुम्ही आम्हाला हेच सांगायचात. मला अगदी बळ आलं होतं. तेवढ्यात आज्जी म्हणाली, "त्यांचं नको सांगू रे! ते परत आलेच नाहीत. आणि तिथल्याच नर्सशी लग्न केलं की त्यांनी!" सगळा डबा हसला. गाडी हलली तेव्हा आई हसत होती की रडत होती, मला खिडकीतून कळलं नाही.

आज्जीला ते १९४१ सालचं लग्न बरोबर आठवत होतं. म्हणून तिलाच आधी सांगते.

आमच्या हॉस्पिटलात अनूप म्हणून फिजिओथेरपिस्ट आहे. केरळचा, कोट्टायमचा. घरी आई आणि एक धाकटी बहीण. ख्रिश्चन आहेत. ही गोष्ट लपवून पुढं जायचं नाही, म्हणून स्पष्ट लिहिलं. या महिन्यात माझी मोठी पाळी आणि रात्री बर्फ पडलेला. मी रात्रपाळीवर. सातच्या आत पोचणं शक्य नव्हतं. घरी आले तर फुटपाथ मोकळा, त्यावर खडी टाकलेली, आणि शेजारच्या इमारतीपुढचाही मोकळा, कारण तिथं काठी घेऊन चालणारे एक आजोबा राहतात. मी त्याला बोलावलं नव्हतं. आत्याची गोष्ट त्याला माहीतही नव्हती, ती मी नंतर सांगितली. आम्ही एकमेकांना बऱ्याच दिवसांपासून ओळखतो, पण माझं मन त्या सकाळी ठरलं. तो आमटी-भात खातो, चटणी आवडते, भाकरी मोडून खायला शिकला आहे. मराठी येत नाही. शिकेल.

वहिनी, तुझ्या माहेरच्यांनी आणलेल्या पुण्याच्या स्थळाला कृपा करून नको म्हणून सांग. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. तुला तिथं बोलणी बसतील हे मला कळतं, आणि ती तू एकटीनं ऐकावीस असं मला वाटत नाही. त्यांचा नंबर पाठव, मी स्वतः बोलते.

पैशांचं: माझ्या जर्मनच्या क्लाससाठी काढलेलं कर्ज या महिन्यात फिटलं. आप्पा, सोसायटीतून दाखला घेऊन ठेवा. आता दर महिन्याला थोडे जास्त पाठवता येतील. आधी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दादा, ते पैसे मागात घालू नकोस, सुताचा भाव काहीही होवो. मागासाठी मी मार्चमध्ये वेगळे पाठवते. इथं दुकानात टॉवेल दिसला की मी उलटून लेबल बघते, आपल्याकडचा निघाला की दोन घेते. आज्जीच्या गुडघ्यांना तेल लावायला बाई लावा. इथं रोज मी परक्या आज्ज्यांना धरून चालवते आणि आपल्या आज्जीचं सगळं वहिनीवर आहे, हे मला रोज दिसतं. बाईचे पैसे माझ्याकडून. यावर वाद नको.

मे महिन्यात येते, रजा मंजूर झाली. उन्हाचं कारण सांगून नको म्हणू नका, सोलापूरच्या उन्हात मी वाढले आहे. अनूपला आणू की नको हे तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर मी एकटी येईन, येणार मात्र नक्की. लगेच फोन करू नका. दोन दिवस घ्या, आत्या आणि मामांना बोलावून घ्या, मग सगळे मिळून फोन करा. मी उचलीन.

आपली,
अश्विनी

ता. क. हे पत्र आज्जीला आप्पांनी वाचून दाखवावं. आई मधलं गाळते.