प्रवेश बोगद्याचे खोदकाम सुरू होण्यापूर्वी इमारतीची संयुक्त पाहणी करून घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापक समिती

महोदय,

आपल्या कुंपणालगतच्या भूखंडातून नव्या मेट्रो मार्गिकेचा प्रवेश बोगदा खोदला जाणार असल्याचे समजल्यापासून सभासदांत जी चर्चा चालू आहे, तिचा सगळा रोख मुख्य बोगद्यावर आहे. माझ्या मते काळजी घ्यायला हवी ती प्रवेश बोगद्याची. मुख्य बोगदा यंत्राने खोलवर खणला जातो आणि यंत्र पुढे सरकताच मागे काँक्रीटच्या तयार भागांचे कडे बसते. प्रवेश बोगदा मात्र जमिनीपासूनच उताराने खाली जात असल्यामुळे त्याचा सुरुवातीचा उथळ भाग आपल्या पायाच्या सर्वांत जवळ येतो. तो सहसा थोडे थोडे खणून, लगेच फवारून बसवलेल्या काँक्रीटचा आणि खडकात रोवलेल्या बोल्टचा आधार देत पुढे नेतात. शिवाय यंत्रे, कामगार आणि खणलेला मुरूम यांची ये-जा पुढे दीर्घकाळ त्याच वाटेने चालते.

खोदकामाने वरची जमीन थोडीफार खचते. संपूर्ण इमारत सारखीच खचली तर फारसे बिघडत नाही. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त खचली की भिंतींना तडे जातात, आणि आपली बी विंग कुंपणाला खेटून, तर ए विंग दूर आहे. त्यातच बोगद्यात झिरपणारे पाणी उपसल्याने भूजल पातळी उतरली, तर मऊ मातीचा थर दबून बोगद्यापासून दूरची जमीनही खचू शकते. म्हणून बोअरवेलच्या पाण्याची पातळी आतापासूनच नोंदवायला हवी.

जर्मनीतील कोलोन शहरात 3 मार्च 2009 रोजी मेट्रोच्या कामालगतची ऐतिहासिक अभिलेखागाराची इमारत कोसळली आणि दोघांचा जीव गेला. मेट्रोसाठी खणलेल्या खड्ड्याच्या भूमिगत भिंतीतील दोषातून पाणी आणि माती आत शिरली होती. असे क्वचितच घडते, आणि भीती घालण्याचा माझा हेतू नाही. वारंवार घडतात ते भेगांवरून होणारे वाद.

बी विंगच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावरील खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग गेली आहे. जुना रंग तिच्या आत उतरलेला दिसतो, म्हणजे ती रंगकामापूर्वीची आहे. हे आज छायाचित्र आणि मोजमापासह नोंदले नाही, तर उद्या ती वाढली तरी आपल्याला सिद्ध करता येणार नाही, आणि शेजारच्या खऱ्या नव्या भेगेलाही कंत्राटदार जुनीच म्हणेल.

तरी खोदकामापूर्वी प्रकल्पाचे अभियंते, समितीचे प्रतिनिधी आणि आपण नेमलेले स्वतंत्र संरचना अभियंता यांनी गच्चीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकत्र पाहणी करावी आणि सर्वांच्या सह्या असलेली अहवालाची प्रत सोसायटीच्या दप्तरी राहावी, अशी मागणी समितीने लेखी करावी. इमारत किती कलली हे मोजणारे कलमापक आणि कंपनमापक बसवून त्यांच्या नोंदी नियमित मिळाव्यात, हेही त्यात असावे. सुरुंग लावणार असतील तर कंपनाच्या वेगाची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी. जर्मन मानक 4150 मध्ये निवासी इमारतीच्या पायाशी, कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी, ती सेकंदाला 5 मिलीमीटर आहे. माणसाला याहून पुष्कळ कमी कंपनही जाणवते, त्यामुळे तक्रारींचा निकाल मापकाच्या नोंदीवरच लागावा. धूळ आणि डंपरच्या वेळांबाबत वेगळे पत्र देता येईल.

हा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, ही विनंती. पाहणीच्या दिवशी पथकासोबत थांबण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
सभासद, बी विंग