सोळाव्या अध्यायातल्या बायका

प्रिय मैत्रिणी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बायकांनी मंडळी, म्हणजे चर्च, चालवायची हे अलीकडचं आहे, आधी कुठं होतं असं?" मी तेव्हा काही बोलले नाही. बोलण्यासारखं इतकं होतं की फोनवर मावलं नसतं. आज दुपार मोकळी मिळाली, म्हणून लिहायला बसले.

आधी बायबलातल्या रोमकरांस पत्राचा, पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा, सोळावा अध्याय उघड. नुसती नावांची यादी म्हणून आपण तो उलटून टाकतो. लहानपणी आमच्या उपासनेत तर वाचणारे ती नावं गाळून थेट शेवटाकडे वळत. पण मोजून बघ, पौल तिथं दहा बायकांची आठवण काढतो. पहिलीच फिबी, किंख्रिया बंदरातल्या मंडळीची. तिच्यासाठी वापरलेला 'दियाकोनोस' हा ग्रीक शब्द पौल स्वतःसाठीही वापरतो. आपण मात्र 'सेविका' वाचतो आणि डोळ्यांपुढे मदतीला ठेवलेली बाई येते. ते पत्र रोमला घेऊन गेली ती हीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अगं, एवढं मोलाचं पत्र तिच्या हाती दिलं होतं!

युनियाचं तर माझ्या मनाला फार लागतं. सातव्या ओवीत पौल तिला प्रेषितांमध्ये, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश घेऊन पाठवलेल्यांमध्ये, नावाजलेली म्हणतो. 'प्रेषितांना ठाऊक असलेली' असाही अर्थ काही जण लावतात. पण चौथ्या शतकातला धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोम, ज्याची भाषाच ग्रीक, तो तिला प्रेषितच मानतो आणि तिच्या शहाणपणाचं कौतुक करतो. बायकांचा कैवारी म्हणून तो काही प्रसिद्ध नाही, म्हणून त्याची साक्ष मला जास्त वजनदार वाटते. पुढे काय झालं बघ. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा हे दाखवणारी चिन्हं नसत. ते चिन्ह एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकवलं की युनियाचा 'युनियास' होतो, बाईचा पुरुष. विसाव्या शतकातल्या छापील ग्रीक आवृत्त्यांत बरीच वर्षं हा पुरुषच उभा होता. रोममध्ये युनिया हे नाव घरोघरी, आणि युनियास नावाचा माणूस त्या काळच्या लेखांत कुठं सापडत नाही. प्रेषित बाई असूच शकत नाही हे आधीच ठरलेलं होतं, मग नाव त्याला जुळवून घेतलं.

करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 'स्त्रियांनी गप्प राहावं' तू पुढे करशील, ठाऊक आहे मला. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात बायका सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, आणि पौल त्यांना डोकं झाका एवढंच सांगतो.

मग २०३ साली ख्रिस्ती म्हणून कार्थेजच्या तुरुंगात पडलेली पर्पेतुआ. वय बाविशीचं, अंगावर पिणारं बाळ. वडील विनवायला येतात, तेव्हा ती शेजारचं भांडं दाखवून विचारते, याला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारता येईल का? तसंच मलाही ख्रिस्तीखेरीज दुसरं नाव नाही. हे तिनं स्वतः लिहून ठेवलंय, आणि उत्तर आफ्रिकेतल्या मंडळ्यांत तिच्या स्मरणदिनी ते वाचलं जाई.

मधली शतकं भराभर ओलांडते. इंग्लंडातली ६६४ ची व्हिटबीची धर्मसभा हिल्डा या मठप्रमुख बाईच्या मठात भरली, आणि त्या मठात शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले. जर्मनीतली मठप्रमुख हिल्डेगार्ड, तिच्यापाशी मात्र थांबायला हवं. ११७८ साल, बाई ऐंशीच्या घरात. धर्मबहिष्कृत ठरलेल्या एका सरदाराला तिनं आपल्या मठाच्या आवारात मूठमाती दिली, कारण मरणाआधी त्याचा मंडळीशी समेट झाला होता. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी फर्मावलं, प्रेत उकरून बाहेर काढा. ती नाही म्हणाली. शिक्षा म्हणून मठातलं गाणं बंद, उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा ख्रिस्तप्रसादही बंद. प्रार्थना करायची ती दारं लावून, हळू आवाजात. जिनं त्या मठासाठी गीतं रचली, चाली दिल्या, तिच्या कानांवर ही शांतता लादलेली! तिनं उलट पत्र धाडलं, की योग्य कारणाशिवाय देवाची स्तुती बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातल्या गायनात जागा मिळणार नाही. मार्च ११७९ मध्ये बंदी उठली. सप्टेंबरात ती गेली. कानांत गाणं घेऊन गेली, याचं मला फार समाधान वाटतं.

आणि तू म्हणतेस त्या 'अलीकडच्या'तली एक, ली तिम-ओई. दुसऱ्या महायुद्धात चीनच्या किनाऱ्यावरचं मकाव निर्वासितांनी भरलेलं, आणि ख्रिस्तप्रसाद द्यायला याजक, म्हणजे दीक्षित धर्मगुरू, पोचू शकत नव्हता. ती आधीपासून मंडळी सांभाळतच होती. २५ जानेवारी १९४४ ला बिशप हॉल यांनी तिला याजकपदाची दीक्षा दिली. इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या अँग्लिकन मंडळीतली ती पहिली स्त्री याजक. युद्ध संपलं आणि गदारोळ उठला. बिशपांना त्रास नको म्हणून १९४६ मध्ये तिनं याजक म्हणून काम करायचा परवाना परत केला. दीक्षा मात्र टाकली नाही. हाँगकाँगच्या धर्मप्रांतानं तिचं याजकपद पुन्हा मानलं ते १९७१ साली. पंचवीस वर्षं, गं.

येत्या रविवारी वाचन माझ्याकडे आहे, आणि मी तोच अध्याय मागून घेतलाय. फिबी, प्रिस्का, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस, रूफची आई, युलिया, निरियाची बहीण. एकही गाळणार नाही. तू ये, पुढच्या बाकावर बस.

तुझीच,
मैत्रीण